बेताच्या खर्चात गिटारची निवड

जगातील तंतुवाद्यांमध्ये गिटारइतका प्रसार फारच थोड्या वाद्यांचा झाला असेल. स्पेनमध्ये तिला आजचे रूप लाभले आणि पोलादी तारांचा ताण पेलणारी तिची घडण अमेरिकेत विकसित झाली. भारतात ती एकाच वाटेने आली नाही. गोव्यात पोर्तुगीज राजवटीच्या काळापासून ती घराघरांत आणि समारंभांत वाजत आली, आणि तेथील वादकांबरोबर मुंबईच्या चित्रपटसंगीतात पोचली. बंगालमध्ये ती आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी फिरवून वाजवण्याची हवाईयन पद्धत लोकप्रिय झाली आणि तिच्यावर रवींद्रसंगीताचे सूर निघू लागले. शिलाँग, कोहिमा, ऐझॉल येथे चर्चमधील समूहगायनाच्या साथीने ती तरुणांच्या हाती आली. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग वाजवून दाखवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी केलेली १९६७ मधील ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका अनेकांच्या परिचयाची आहे.

इतक्या सर्वत्र आढळणाऱ्या या वाद्याची खरेदी मात्र बहुधा अंदाजाने केली जाते. मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबात मुलासाठी किंवा मुलीसाठी गिटार एकदाच घेतली जाते. ती बेताची निघाली तर दुसरी घेण्याची सोय नसते. तारा फार उंच असतील तर नवशिक्याची बोटे दुखावतात, पडदे नीट बसवलेले नसतील तर अचूक बोट ठेवूनही स्वर बेसूर येतो, आणि सहा महिन्यांनी ‘आपल्याला हे जमणार नाही’ असे ठरवून वाद्य कपाटावर जाते. अशा वेळी दोष वाद्याचा असून शिकणारा तो स्वतःच्या हाताला किंवा कानाला लावून घेतो. म्हणून बेताच्या खर्चात, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे दहा ते वीस हजार रुपयांत, पैसा वाद्याच्या कोणत्या अंगावर खर्च व्हावा आणि कोणत्या अंगावर वाचवता येतो, याचा विचार येथे केला आहे.

वाद्य कसे बोलते

ताणलेली तार छेडली असता ती कंप पावते, परंतु एवढी बारीक वस्तू हवेला फारशी हलवू शकत नाही. दोन भिंतींमध्ये ताणलेल्या तारेचा आवाज म्हणूनच खोलीभर ऐकू येत नाही. गिटारमध्ये तारेचे कंपन घोडीवाटे पुढच्या पातळ फळीत उतरते. या फळीला आपण सतारीच्या आणि तंबोऱ्याच्या परिभाषेतला ‘तबली’ हा शब्द वापरू. तबलीचे क्षेत्रफळ मोठे असल्यामुळे ती हवेला जोमाने ढकलते, आणि पेटीतील कोंडलेली हवा मधल्या गोल छिद्रातून आतबाहेर होऊन खालच्या स्वरांना बळ देते. तबली जितकी हलकी आणि तरीही ताठ, तितका तारेचा थोडासा जोर अधिक आवाजात रूपांतरित होतो. मात्र त्याच तबलीला तारांचा ताणही सोसावा लागतो. पोलादी तारांच्या गिटारमध्ये हा एकूण ताण सुमारे ७० किलोग्रॅम आणि नायलॉनच्या गिटारमध्ये सुमारे ४० किलोग्रॅम असतो. अडीच-तीन मि.मी. जाडीच्या फळीने एका प्रौढ माणसाच्या वजनाइतका ताण वर्षानुवर्षे सोसायचा आणि तरीही थरथरायला मोकळे राहायचे, या दोन परस्परविरोधी अपेक्षांचा मेळ घालण्यातच गिटार घडवणाऱ्याचे सारे कसब आहे.

हा मेळ तबलीच्या आतील बाजूस चिकटवलेल्या आधारपट्ट्यांनी साधला जातो. स्पेनमधील अल्मेरिया येथील कारागीर आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) यांनी पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरलेल्या पट्ट्यांची रचना परिपूर्णतेस नेली. आजची शास्त्रीय गिटार बहुतांशी त्यांच्याच मापांवर आधारलेली आहे. सॅक्सनीतून १८३३ मध्ये अमेरिकेत आलेल्या सी. एफ. मार्टिन यांच्या कारखान्यात १८४० नंतरच्या दशकात फुलीच्या आकाराची रचना रुळली. पुढे पोलादी तारा आल्या तेव्हा त्यांचा ताण पेलण्यास हीच रचना उपयोगी पडली.

तोरेस यांनी १८६२ मध्ये केलेला एक प्रयोग ग्राहकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. त्यांनी एक गिटार अशी बनवली की तिची तबली उत्तम लाकडाची होती, पण पाठ आणि कडा चक्क कागदी पुठ्ठ्याच्या होत्या. वाद्याचा आवाज मुख्यतः तबलीवर अवलंबून असतो, हे त्यांना सिद्ध करायचे होते. ही गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पाठीच्या आणि कडांच्या लाकडाचा आवाजाशी काहीच संबंध नाही असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्यामुळे नादाच्या छटेत फरक पडतो. परंतु ज्याच्यापाशी पैसा मोजका आहे, त्याने तो आधी कोठे घालावा याचे उत्तर या पुठ्ठ्याच्या गिटारने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे.

नायलॉन की पोलाद

विजेवाचून वाजणाऱ्या गिटारच्या दोन मुख्य जाती आहेत. पहिली शास्त्रीय किंवा स्पॅनिश गिटार. हिच्यावर पूर्वी आतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आतड्याची टंचाई झाली आणि न्यूयॉर्कचे अल्बर्ट ऑगस्टीन यांनी आंद्रेस सेगोव्हिया या श्रेष्ठ वादकाच्या प्रोत्साहनाने नायलॉनच्या तारा प्रचारात आणल्या. हिची दांडी वरच्या टोकाशी सुमारे ५२ मि.मी. रुंद असते, नाद मृदू असतो आणि ती बोटांनीच वाजवली जाते. दुसरी पोलादी तारांची गिटार. हिची दांडी सुमारे ४३ मि.मी. रुंद असते, आवाज तेजस्वी असतो आणि गाण्याच्या साथीसाठी तिचाच वापर अधिक होतो.

निवड कोणते संगीत वाजवायचे आहे यावरून करावी. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे किंवा बोटांनी वाजवायच्या संथ रचनांचे शिक्षण घ्यायचे असेल तर नायलॉन तारांची घ्यावी. चित्रपटगीते, भावगीते, समूहगायन यांची साथ करायची असेल तर पोलादी तारांची घ्यावी. नायलॉनच्या तारा बोटांना मऊ लागतात, म्हणून लहान मुलांसाठी त्या अनेकदा सुचवल्या जातात आणि ते योग्यही आहे. मात्र रुंद दांडीवर लहान हात पोचत नसेल तर तो लाभ उरत नाही. मुलांसाठी पाऊण मापाची गिटार मिळते. तिची घोडीपासून दांडीच्या वरच्या टोकापर्यंतची तार सुमारे ५८ सें.मी. असते, तर पूर्ण मापाच्या वाद्यात ती ६५ सें.मी.च्या आसपास असते.

एक सूचना येथेच द्यावयास हवी. ‘आवाज मोठा यावा’ म्हणून नायलॉनच्या गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. तिची तबली आणि घोडी त्या ताणासाठी बनलेलीच नसते. काही महिन्यांत तबली फुगते, घोडी उखडते आणि दांडी वाकते.

ज्यांना हवाईयन पद्धतीने किंवा विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेच्या वाटेने जाऊन रागसंगीत वाजवायचे आहे, त्यांच्या गरजा वेगळ्या असतात. तेथे तारा पडद्यांवर दाबायच्या नसल्याने त्या उंच असाव्या लागतात, आणि दांडीची सपाटी किंवा पडद्यांची अचूकता गौण ठरते. असे वाद्य गुरूच्या सल्ल्यानेच घ्यावे. यापुढील विवेचन पडद्यांवर बोटे दाबून वाजवायच्या गिटारविषयी आहे.

अखंड तबली आणि थरांची तबली

तबलीसाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे लाकूड म्हणजे स्प्रूस. थंड प्रदेशात सावकाश वाढणारा हा सूचिपर्णी वृक्ष वजनाला हलका आणि तंतूंच्या दिशेने अत्यंत ताठ असतो. माद्रिदचे होसे रामिरेझ यांनी १९६० नंतरच्या दशकात तांबूस सीडरही वापरात आणला. त्याचा नाद पहिल्या दिवसापासून मोकळा व उबदार असतो, पण लाकूड मऊ असल्याने ओरखडे लवकर पडतात.

बेताच्या खर्चातला खरा प्रश्न स्प्रूस की सीडर हा नसून तबली अखंड आहे की प्लायवूडसारखी थरांची, हा आहे. थरांच्या फळीत मधल्या थराचे तंतू आडवे असतात. त्यामुळे फळी मजबूत होते, पण जड होते आणि कंपनाला अडसर येतो. अखंड तबलीचे वाद्य हळू छेडले असता लहान आणि जोरात छेडले असता मोठे, असा आवाजाचा मोठा पल्ला दाखवते. काही वर्षांच्या वादनाने तिचा नाद अधिक मोकळा होतो, असा अनेक वादकांचा अनुभव आहे.

दुकानातील पाटीवर ‘स्प्रूस टॉप’ एवढेच लिहिलेले असेल तर वरचा पातळ थर स्प्रूसचा आहे, इतकेच बहुधा त्यातून कळते. ‘सॉलिड’ हा शब्द असेल तरच तबली अखंड समजावी, आणि तरीही डोळ्यांनी पडताळून पाहावे. मधल्या गोल छिद्राच्या कडेकडे निरखून पाहिले असता अखंड लाकडात वरच्या उभ्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरताना दिसतात, तर थरांच्या फळीत कडेवर पापुद्र्यांसारखे आडवे थर दिसतात. कडेवर जाड रंग किंवा पट्टी चढवून ती झाकली असेल तर विक्रेत्याला स्पष्ट विचारावे.

थरांची तबली सर्वस्वी त्याज्य आहे असे मात्र नाही. हवेतील ओलाव्याच्या फरकाने ती फारशी फुगत-आकसत नाही. किनारपट्टीवर राहणारा, वाद्य घेऊन सतत प्रवास करणारा किंवा शाळेसाठी वाद्य घेणारा ग्राहक ती जाणीवपूर्वक निवडू शकतो. दहा हजारांच्या आसपास चांगली घडवलेली थरांची गिटार ही त्याच किमतीच्या कच्च्या कारागिरीच्या अखंड गिटारपेक्षा अधिक उपयोगी असते. वीस हजारांच्या जवळ गेल्यावर मात्र अखंड तबलीची आणि थरांच्या पाठीची वाद्ये मिळू लागतात. बेताच्या खर्चात हाच सर्वोत्तम मेळ होय.

पाठीच्या आणि कडांच्या लाकडाच्या बाबतीत भारतीय वाचकाला एक गोष्ट ठाऊक असावी. जगातील उंची गिटारांना पूर्वी ब्राझीलचे रोजवूड लागे. ब्राझीलने १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्या ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधने आणली, तेव्हा जगभरचे कारखाने पश्चिम घाटातील शिसवाकडे, डालबर्जिया लॅटिफोलियाकडे, वळले. वन्य प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारान्वये २०१७ मध्ये या संपूर्ण वृक्षकुलाच्या व्यापारावर नियंत्रण आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली. आपल्या कर्नाटक-केरळच्या जंगलांतले शिसव अशा रीतीने जगाच्या रंगमंचावर वाजत असले, तरी बेताच्या किमतीच्या वाद्यात ‘रोजवूड’ म्हणजे पुष्कळदा प्लायवूडवरचा पापुद्राच असतो. त्याच्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

दांडी, पडदे आणि तारांची उंची

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. वादक त्यांना वरखाली सरकवून स्वर जुळवून घेतो. गिटारचे पडदे दांडीत कायमचे ठोकलेले असतात. ते हार्मोनियमच्या पट्ट्यांप्रमाणे समान अंतराच्या बारा स्वरांवर बसवलेले असतात आणि वादकाला त्यात काहीही बदल करता येत नाही. म्हणून येथे कारागिराची चूक ही वादकाची आयुष्यभराची अडचण होते.

पडद्यांचे गणित सोपे आहे. प्रत्येक पडदा उरलेल्या तारेच्या लांबीचा सुमारे १७.८ वा भाग कमी करतो. ६५० मि.मी. तारेच्या वाद्यात पहिला पडदा ३६.५ मि.मी.वर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२५ मि.मी.वर. बारावा पडदा म्हणजे वरच्या सप्तकातील तोच स्वर. यावरून एक साधी चाचणी करता येते. बाराव्या पडद्याच्या नेमके वर तारेला बोट नुसते टेकवून छेडावे आणि लगेच बोट उचलावे. घंटेसारखा स्वच्छ स्वर निघतो. मग तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून छेडावी. दोन्ही स्वर एकरूप असले पाहिजेत. दाबलेला स्वर स्पष्टपणे चढा किंवा उतरा असेल तर घोडीची जागा, तारांची उंची अथवा जुन्या तारा यांपैकी कशात तरी दोष आहे. सहाही तारांवर हे करून पाहावे. नव्या तारा लावूनही दोष राहिला तर ते वाद्य सोडून द्यावे.

दाबलेली तार किंचित ताणली जाऊन स्वर चढतो. त्याची भरपाई म्हणून पोलादी गिटारच्या घोडीवरची हाडाची पट्टी थोडी तिरकी बसवलेली असते. ती तिरकी दिसल्यास दोष समजू नये.

तारांची पडद्यांपासूनची उंची हा नवशिक्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. बाराव्या पडद्यावर मोजले असता पोलादी गिटारमध्ये सर्वांत जाड तार पडद्यापासून सुमारे २.५ मि.मी. आणि सर्वांत बारीक तार सुमारे २ मि.मी. वर असावी. नायलॉनच्या गिटारमध्ये ही मापे अनुक्रमे ४ आणि ३ मि.मी.च्या आसपास असतात. शाळेतल्या पट्टीने हे मोजता येते. स्वस्त वाद्यांत पोलादी तारा चार-पाच मि.मी. उंच आढळतात आणि विक्रेता ‘सवयीने बोटे घट्ट होतील’ असे सांगतो. बोटे घट्ट होतात हे खरे, पण इतक्या उंच तारांवर जोर देता देता हात आखडतो, आणि तार जास्त ताणली गेल्याने स्वरही चढतो.

दांडीच्या वरच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या आडव्या पट्टीला नट म्हणतात. तिच्या खाचा उथळ असल्या तर पहिल्या दोन-तीन पडद्यांवरचे स्वर चढे येतात, आणि नवशिक्याचे पहिले सगळे स्वरमेळ तर याच पडद्यांवर असतात. तपासण्यासाठी तार तिसऱ्या पडद्यावर दाबावी. पहिल्या पडद्यावर तेव्हा तार आणि पडदा यांच्यात कागदाची एक घडी जाईल एवढीच फट असावी. पट्टी आणि खाचा यांची दुरुस्ती कुशल कारागीर थोड्या खर्चात करतो. यासाठी चांगले वाद्य नाकारू नये, मात्र दुरुस्तीचा खर्च आधीच विचारून घ्यावा.

दांडी मात्र दुरुस्तीच्या पलीकडे बिघडलेली नसावी. गिटार डोळ्यासमोर आडवी धरून दांडीच्या कडेने घोडीकडे पाहावे. ती जवळजवळ सरळ दिसावी. मध्यभागी केसभर खोलगटपणा चालतो, पिळवटलेपणा चालत नाही. पोलादी गिटारच्या दांडीत वाक सुधारण्यासाठी लोखंडी गज बसवलेला असतो. तो फिरतो की नाही हे विक्रेत्याकडून दाखवून घ्यावे. घोडीवरची हाडाची पट्टी निदान तीन मि.मी. वर डोकावत असावी. ती जवळजवळ घोडीत बुडालेली असून तारा तरीही उंच असतील तर दांडीचा कोनच चुकलेला आहे. तो सुधारण्याचा खर्च वाद्याच्या किमतीएवढा होऊ शकतो.

पेटीचा आकार

दुकानात सर्वाधिक दिसणारी मोठी, चौकोनी खांद्यांची पेटी ‘ड्रेडनॉट’ या नावाने ओळखली जाते. इंग्लंडच्या एका युद्धनौकेवरून घेतलेल्या या नावाचा आकार मार्टिन कारखान्याने १९१६ मध्ये प्रथम बनवला. तिची रुंदी सुमारे ४० सें.मी. असते आणि खर्जाचे स्वर तिच्यात भरदार येतात. एकट्या गायकाच्या साथीला ती उत्तम, परंतु लहान चणीच्या व्यक्तीला तिच्यावरून उजवा हात टाकणे अवघड जाते आणि खांदा दुखतो. त्यांनी कमरेत निमुळता असलेला लहान आकार निवडावा. तो आवाजात थोडा कमी पडला तरी स्वर अधिक वेगवेगळे ऐकू येतात. अर्धा तास बसून पाहिल्याशिवाय हा निर्णय करू नये.

दुकानातील परीक्षा

कोलकात्यातील लालबाजार परिसरातल्या रवींद्र सरणीवर असो किंवा एखाद्या जिल्ह्याच्या गावी असो, ग्राहकाने परीक्षेचा क्रम ठरवून जावे. शक्य असल्यास वाजवता येणारी व्यक्ती बरोबर न्यावी, आणि तिला वाजवायला सांगून आपण समोर पाच-सहा फुटांवर उभे राहून ऐकावे. आवाज पुढे जातो, त्यामुळे वाजवणाऱ्याला जे ऐकू येते त्याहून समोरच्याला वेगळे ऐकू येते.

प्रथम वाद्य सुरात लावून घ्यावे. जाड तारेकडून बारीक तारेकडे जाताना सहा तारा हार्मोनियमच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन अशा लागतात. पहिली आणि शेवटची यांत दोन सप्तकांचे अंतर असते. खुंट्या अडखळत किंवा सैल फिरत असतील तर ध्यानात ठेवावे. खुंट्या बदलता येतात, हा दोष मोठा नाही. दहा मिनिटे वाजवल्यावर सूर टिकला आहे का ते पाहावे. अगदी नव्या तारा थोड्या उतरतात, हे गृहीत धरावे.

नंतर प्रत्येक तारेवर पहिल्यापासून बाराव्यापर्यंत एकेक पडदा दाबून स्वर काढावा. सहा तारा आणि बारा पडदे मिळून बहात्तर स्वर होतात. या कामाला पाच मिनिटे लागतात, आणि वाद्याचे बहुतेक दोष त्यातच उघडे पडतात. एखाद्या ठिकाणी तार खरखरते, एखाद्या ठिकाणी स्वर लगेच विझतो. दांडीच्या कडेवरून तळहात फिरवावा. पडद्यांची टोके टोचत असतील तर दांडीचे लाकूड पुरते सुकण्याआधीच वापरले गेले असण्याचा संभव आहे. घोडी आणि तबली यांच्या सांध्यात कागदाचा कोपरा सारून पाहावा. तो आत गेला तर घोडी सुटू लागली आहे. घोडीमागे तबलीला किंचित फुगवटा असणे स्वाभाविक आहे, पण घोडीपुढे तबली खचलेली असू नये. शेवटी छिद्रातून आत पाहून आधारपट्ट्या नीट चिकटलेल्या आहेत का, जागोजागी सरस सांडलेला आहे का, हे पाहावे. आतील कामाची स्वच्छता हा कारागिराच्या सचोटीचा चांगला पुरावा असतो, कारण ते सहसा कोणी पाहत नाही.

एकाच नमुन्याच्या दोन-तीन गिटारी मागवून घ्याव्यात. लाकूड निसर्गातून येते आणि एकाच कारखान्यातील, एकाच किमतीची दोन वाद्ये सारखी बोलत नाहीत. मिरजेत तंबोरा घेणारा गायक चार तंबोरे छेडून मगच एक उचलतो. गिटारच्या बाबतीतही हीच पद्धत योग्य आहे. टपालाने वाद्य मागवणाऱ्याला हा लाभ मिळत नाही, म्हणून परत करण्याची मुदत असल्याशिवाय तसे मागवू नये.

वापरलेले वाद्य हा बेताच्या खर्चातला एक चांगला मार्ग आहे. बरीच वर्षे वाजलेली, अखंड तबलीची गिटार नव्या साध्या गिटारच्या किमतीत मिळू शकते. तिच्यावरचे ओरखडे आणि फिका पडलेला रंग यांची चिंता करू नये. तबलीला पडलेली भेग, दांडी आणि डोके यांच्या सांध्यावरचे जुने तुटणे, आणि तारांखाली खोल झिजलेले पडदे मात्र किमतीत धरले गेले पाहिजेत.

हवा, ओलावा आणि निगा

लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि सोडते. त्यामुळे ते तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते. बहुतेक चांगल्या गिटारी ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या खोलीत जोडलेल्या असतात. कोकण, केरळ किंवा बंगालच्या पावसाळ्यात ही आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. तबली फुगते, तारा वर उचलल्या जातात आणि नाद जड होतो. उलट नागपूर किंवा दिल्लीच्या मे महिन्यात दुपारी ती ३० टक्क्यांच्याही खाली येते. तबली आकसते आणि अखंड लाकूड चिरण्याची भीती असते. पावसाळ्यात वाद्याच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. कोरड्या उन्हाळ्यात भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओलसर, पण न गळणारा स्पंज ठेवावा. भिंतीला लागून, खिडकीच्या उन्हात किंवा बंद मोटारीत वाद्य ठेवू नये. उष्णतेने सरस मऊ पडतो आणि घोडी निसटते. एवढी काळजी घेणे ज्याला शक्य नाही त्याने थरांच्या तबलीची गिटार घ्यावी, हा पूर्वीचाच सल्ला येथे पुन्हा लागू पडतो.

खर्चाची वाटणी

जवळ असलेली सारी रक्कम वाद्याच्या किमतीतच संपवू नये. एक दशांश भाग तारांची उंची, नटच्या खाचा आणि पडद्यांची टोके नीट करून घेण्यासाठी बाजूला ठेवावा, आणि आणखी एक दशांश जाड अस्तराची पिशवी, तारांचा एक जादा संच व सूर लावण्याचे साधन यांसाठी ठेवावा. उरलेल्या रकमेत तबली आणि दांडी जितकी चांगली मिळेल तितकी घ्यावी. चकचकीत रोगण, शिंपल्याचे नक्षीकाम आणि प्रसिद्ध नाव यांना त्यानंतर स्थान आहे. आत बसवलेले विजेचे ध्वनिग्राहक साधनही सुरुवातीला अनावश्यक असते. त्याचे पैसे बहुधा तबलीतूनच कापलेले असतात, आणि रंगमंचावर वाजवण्याची वेळ आल्यास असे साधन पुढे बसवून घेता येते.

अशा रीतीने घेतलेली साधी गिटार पाच-सात वर्षे शिक्षणाला पुरते. तेवढ्या काळात वादकाचा कान तयार होतो, आपल्याला कोणता नाद हवा हे त्याला कळते, आणि दुसरे वाद्य घेण्याची ऐपत आली तर ते तो स्वतःच्या कानावर विसंबून निवडू शकतो. पहिली गिटार तेव्हा घरातल्या धाकट्या भावंडाच्या हाती द्यावी. तारा बदलून आणि उंची पुन्हा तपासून घेतली म्हणजे ती त्यालाही तितकीच उपयोगी पडेल.